टाळीबाई आणि मागे पडलेला आवाज

टाळीबाईला हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण का ठेवलं ते गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. बाई कुठेही शूटिंगला गेली की कॅमेरा सुरू करायची, त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची, दोन्ही हात पसरायची आणि एकच टाळी वाजवायची. पण अशी सणसणीत, की मागच्या रांगेत पेंगणारा माणूस खाडकन जागा व्हावा. मग जणू काही झालंच नाही अशा थाटात बाजूला होऊन म्हणायची, “हं, आता चालू द्या तुमचं.”

यात वेडेपणा काही नव्हता. चित्र कॅमेऱ्यात भरलं जायचं आणि आवाज वेगळ्या छोट्या रेकॉर्डरमध्ये. घरी आल्यावर कॉम्प्युटरवर त्या दोघांची गाठ घालायची. तळहात एकमेकांना भेटल्याचं चित्र आणि ‘फाट्’ हा आवाज बरोबर एकाखाली एक आणून ठेवला, की पुढचं सगळं बोलणं आपोआप ओठांवर येऊन बसतं. पण हे लोकांना कोण समजावणार? एकदा एका शोकसभेत बाईने अशीच टाळी वाजवली, आणि सुरुवात झाली असं समजून मागच्या काही जणांनी टाळ्यांचा कडकडाट केला. गेलेल्या माणसाचा भाऊ हात जोडून उभासुद्धा राहिला. बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या शोकसभेचं रेकॉर्डिंग असं जुळलं होतं म्हणता, विचारू नका!

तिच्या नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. तो गेला तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी एका सुरात सल्ला दिला, “विकून टाक, तुला झेपायचं नाही.” टाळीबाईने सगळ्यांचं ऐकून घेतलं, त्यांना चहा पाजला, वाटेला लावलं आणि दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक उघडून बसली. फोटोवरून व्हिडिओवर आली, व्हिडिओवरून एडिटिंगवर. शिकवायला कोणी नव्हतं. एकेक काम बिघडवत गेली आणि बिघडलेलं निस्तरताना शिकली. त्यातून मुलगा वाढवला, शिकवला, तो परगावी नोकरीला लागला. आता तो आईला अधूनमधून नवनवीन वस्तू पाठवायचा आणि आई त्या कपाटात ठेवून जुन्याच वापरायची.

तिची खोली शिंप्याच्या दुकानाच्या वर. अरुंद जिना, वर गेल्यावर डावीकडे दार. आत एक लांब टेबल, त्यावर दोन पडदे, एक मोठा आणि एक कुणीतरी देऊन टाकलेला. दोन बाजूंना दोन जुने स्पीकर. खुर्चीवर उशी, कारण खुर्ची लाकडाची आणि पाठ बाईची. भिंतीवरच्या खिळ्यांना वायरींची भेंडोळी टांगलेली. आणि खालून दिवसभर शिलाई मशीनची खडखड. नवीन माणसाला त्या खडखडीने डोकं दुखायचं, पण बाईला ती थांबली की चुकल्यासारखं व्हायचं. मशीन थांबली म्हणजे काका एक तर चहा पीत असणार, नाहीतर कोणाचं तरी माप घेत असणार.

आता या शिंपीकाकांबद्दल सांगायलाच हवं. काकांना ऐकू येत नव्हतं. म्हणजे अगदी ठार बहिरे नव्हते, डाव्या कानात एक एवढंसं यंत्र होतं, त्यातून जवळचं, मोठ्याने बोललेलं थोडंफार पोचायचं. बाकीचं सगळं ते समोरच्याच्या ओठांवरून वाचायचे. पण कबूल करतील तर शपथ! ते यंत्र कोणाला दिसू नये म्हणून म्हातारपणी त्यांनी कानांवर केस वाढवले होते, आणि काय हे असं कोणी विचारलंच तर म्हणायचे, “फॅशन आहे.” गिऱ्हाईक पाठमोरं होऊन काही बोललं की काकांचं एकच उत्तर ठरलेलं, “हो हो.” एका गृहस्थांनी अर्ध्या बाह्यांचा शर्ट सांगितला होता, पूर्ण बाह्यांचा मिळाला. बिचारे सगळा उन्हाळा बाह्या दुमडून फिरले, पण बोलले नाहीत. सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि सगळ्या गल्लीची अळीमिळी गुपचिळी. कारण काकांसारखा कोट दुसरा कोणी शिवत नव्हता, आणि काकांसारखा माणूसही दुसरा नव्हता.

तर असे हे काका दुकान बंद करणार होते. “डोळे दमले,” असं त्यांनी जाहीर केलं. डोळे चांगले ठणठणीत होते, दमले होते ते कान, पण गल्लीने मान डोलावली. आणि मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की काकांना असं गुपचूप जाऊ द्यायचं नाही. वाचनालयाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी सगळे जमायचं, आणि त्या दिवशी काकांना एक फिल्म दाखवायची. प्रत्येकाने दोन शब्द बोलायचे, टाळीबाईने ते जोडायचे. काकांना मात्र या कानाची त्या कानाला खबर लागू द्यायची नाही. (या वाक्यावर वाचनालयवाल्या बाई फार हसल्या, मग एकदम गप्प झाल्या.)

गल्लीतल्या लोकांचं शूटिंग बाईने स्वतः केलं, प्रत्येकाला समोर बसवून, टाळी वाजवून. राहिली एकच व्यक्ती, काकांची लेक बबी. ती लग्न होऊन दूर परदेशात गेलेली. तिने स्वतःच फोनवर निरोप रेकॉर्ड करून पाठवला. याच गल्लीत वाढलेली पोर, तिने सुरुवातीला कोणी न सांगता टाळी वाजवली. टाळीबाईला ते बघून इतकं हसू आलं! मग बबी बोलायला लागली आणि बाईचं हसू कुठल्या कुठे गेलं.

“बाबा,” बबी म्हणत होती, “आई सांगते तुमची तब्येत बरी आहे. आईच सांगते, कारण तुम्ही काही सांगतच नाही. मी काहीही विचारलं की ‘हो हो’ म्हणता आणि फोन आईकडे देता. जेवलात का, हो हो. दुकान कसं चाललंय, हो हो. मागे एकदा मी म्हटलं, बाबा, मला इथे फार एकटं वाटतं, तर त्यालाही तुम्ही हो हो म्हणालात. मी एवढी लांब निघून आले म्हणून राग आहे ना तुमचा? मग रागवा. कडकडून रागवा. पण एकदा तरी माझ्याशी पूर्ण वाक्यात बोला.”

त्याच्या आधी लहानपणीच्या कितीतरी आठवणी होत्या, दुकानातल्या चिंध्यांच्या बाहुल्या होत्या, हसणं होतं. पण खरं बोलणं हे, आणि ते सगळ्यात शेवटी. सोबत तिने टाळीबाईला लिहिलं होतं, “हे सगळ्यांसमोरच दाखव. एकट्याला दाखवलंस तर ते काहीतरी काम काढून उठून जातील.”

टाळीबाई तडक खाली काकूंकडे गेली. काकू काजं करत बसल्या होत्या. “काकू, बबीला माहीत नाही?” तिने विचारलं.

“काय माहीत नाही?” काकूंनी विचारलं, आणि मग स्वतःच सुई खाली ठेवली. “नाही गं. मला शपथ घातलीय त्यांनी. तिला सांगितलंस तर बघ म्हणाले. फोनवर तर त्यांना काहीच उमगत नाही. चित्राचा फोन लावला तरी ओठ एकीकडे हलतात आणि आवाज एकीकडून येतो, मग यांचा जीव घाबरा होतो आणि फोन माझ्या हातात. तिला वाटतं बाप रुसलाय. मी तरी काय करू?”

“मी अक्षरं टाकू का खाली? ती बोलेल ते लिहून?”

“टाक की,” म्हणत काकू खुलल्या, आणि पुढच्याच क्षणाला मान हलवायला लागल्या. “नको, नको. अक्षरं कोणासाठी आहेत ते हॉलमधल्या सगळ्यांना कळेल. ते ताडकन उठून घरी येतील.”

म्हणजे आलं का सगळं एका गोष्टीवर! बबीचे ओठ आणि बबीचा आवाज शेवटच्या शब्दापर्यंत बरोबर हातात हात घालून चालले, तर काकांना समजणार. दोघांत जरा फट पडली, तर काका भर सभेत हसून “हो हो” म्हणणार, आणि तिकडे ती पोर कायमची समजणार की बापाने तिला टाकलं. टाळीबाईने पदर खोचला आणि वर आली.

पहिल्यांदा फिल्म एक्स्पोर्ट करून, म्हणजे सगळे तुकडे जोडून एक सलग फाइल काढून, तिने जुना हेडफोन कानाला लावला आणि बघायला बसली. गल्लीतली माणसं झकास. बबीची टाळीही झकास. पण बबी जसजशी बोलत गेली तसतसा तिचा आवाज रेंगाळायला लागला. शेवटी तिने चहाचा कप टेबलावर ठेवला, तेव्हा कप टेकून हात मागे गेला आणि मग ‘टक्’ असा आवाज आला. एडिट करताना बाई तुकड्यातुकड्यांनी बघायची म्हणून तेव्हा हे लक्षात आलं नव्हतं. सलग बघताना फट उघडी पडली.

पण याने घाबरेल ती टाळीबाई कसली? हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं. फोन हा महाबिलंदर प्राणी. उजेड कमी झाला किंवा अंग तापलं की तो कोणाला न सांगता सेकंदाला थोडी कमी चित्रं काढतो. आवाज मात्र इमानेइतबारे आपल्या चालीने भरत राहतो. मग एडिटिंगचा प्रोग्रॅम ती सगळी चित्रं सारख्याच अंतरावर आहेत असं समजून भराभर दाखवत सुटतो, चित्र पुढे पळतं आणि आवाज धापा टाकत मागून येतो. उपाय एकच, मूळ फाइल आधी कन्व्हर्टरमधून काढायची, दर सेकंदाला ठरावीक चित्रं करून घ्यायची, आणि मग बबीचा सगळा भाग पहिल्यापासून पुन्हा कापायचा आणि जोडायचा. “फोनने चोरी करायची आणि शिक्षा मला,” असं पुटपुटत बाई कामाला लागली.

ते काम संपलं आणि नेमकं त्याच सकाळी मुलाचं पार्सल आलं. आत बिनवायरचा हेडफोन! काळाभोर, मऊ, कानावर ठेवला की खालची मशीनही ऐकू येऊ नये असा. पाठोपाठ मुलाचा फोन. “आई, तो चिकटपट्ट्या लावलेला हेडफोन आजच्या आज कपाटात टाक. आणि हा कपाटात ठेवलास तर मी स्वतः येऊन काढीन.”

“बरं बाबा, वापरते,” बाई म्हणाली. मनातून खूश झाली होती. तिने नवा हेडफोन घातला, आरशात बघितलं, वैमानिकासारखी दिसते असं स्वतःलाच सांगितलं, आणि नव्याने काढलेली फाइल लावली.

आणि काय? बबीचा आवाज आता वाढत वाढत मागे पडत नव्हता, ते दुखणं गेलं होतं. पण पहिल्या टाळीपासून शेवटच्या कपापर्यंत तो सारखाच, जरासा, पण नक्की मागे होता. कन्व्हर्टरने घोळ घातला असणार. बाईने गल्लीतल्या लोकांचे तुकडे तपासले, तर तेही मागे! वाचनालयवाल्या बाई मागे, कोपऱ्यावरचा रेडिओवाला मागे, खुद्द टाळीबाईची सणसणीत टाळीसुद्धा तळहात भेटून झाल्यावर वाजत होती. सगळी गल्लीच उशिरा बोलत होती.

मग सुरू झाली झाडाझडती. तिने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. कन्व्हर्टरला शिव्या दिल्या. मशीन म्हातारी झाली, असं म्हणून कॉम्प्युटरच्या डोक्यावर दोन चापट्याही मारल्या. शेवटी कंटाळून तिने सगळ्या फिल्मचा आवाज उचलला आणि थोडा पुढे सरकवला. ऐकलं. आणखी थोडा सरकवला. आता टाळी तळहातांवर आली, कप टेबलावर आला. हुश्श! फाइल काढली आणि बाई पाठ टेकून बसली.

पण मन खात होतं. दिवसभर ओठ बघून बघून तिला आता कोणाचेही ओठ खरे वाटेनासे झाले होते. कोणीतरी ताज्या डोळ्यांनी बघायला हवं होतं. आणि ओठ बघण्यात त्या गल्लीत एकच माणूस पटाईत होता, ज्याला ही फिल्म काही झालं तरी दाखवायची नव्हती.

मग बाईने शक्कल लढवली. स्वतःच्याच फोनसमोर बसून मुलाला उद्देशून बोलली. काय बोलायचं हे ठरवलं नव्हतं, तोंडाला येईल ते बोलली, आणि आईच्या तोंडाला येऊन येऊन काय येणार! ते चित्रीकरण तिने बबीच्या निरोपासारखंच कन्व्हर्टरमधून काढलं, आवाज तेवढाच पुढे सरकवला, आणि खाली जाऊन काकांचा हात धरून त्यांना वर आणलं.

“काका, पोराला निरोप पाठवायचाय. बरा झालाय का बघा,” त्यांच्या समोर तोंड करून, स्वच्छ शब्दांत ती म्हणाली. आणि कौतुकाने नवा हेडफोन त्यांच्या कानांपाशी नेला.

काका झटकन मागे सरले. केसांवर हात ठेवून म्हणाले, “नको, नको. केस विसकटतात.”

बाईने जीभ चावली. यंत्राच्या कानावर हेडफोन कसा बसणार? तिने आवाज टेबलावरच्या जुन्या स्पीकरवर वळवला, मोठा केला आणि निरोप लावला. पडद्यावरची टाळीबाई बोलायला लागली, “काय रे, आठवड्यातून एक फोन करायला तुझी बोटं झिजतात का?” काका खुर्ची पुढे ओढून बघू लागले. आधी हसले. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“पोरी,” ते म्हणाले, “तुझं तोंड तुझ्या आवाजाच्या मागून पळतंय.” आणि लगेच सावरून घेतलं, “म्हणजे, मी काही तोंडाकडे बघत नव्हतो. सहज दिसलं.”

“मागून?” बाई ओरडलीच. तिने पडद्याकडे नीट बघितलं. खरंच की! आवाज आधी येत होता आणि ओठ नंतर हलत होते. तिने हेडफोन घातला, सगळं बरोबर. काढला, आवाज पुढे. घातला, बरोबर. काढला, पुढे. काकांना वाटलं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. कन्व्हर्टरने काही केलं नव्हतं. मशीन म्हातारी झाली नव्हती. गल्ली वेळेवरच बोलत होती. उशीर होत होता तो त्या कोऱ्या करकरीत, बिनवायरच्या हेडफोनमध्ये! वायरीतून आवाज थेट येतो. याला मात्र आवाजाची पुरचुंडी बांधून हवेतून पाठवायची, पलीकडे त्याने ती सोडायची, आणि मग वाजवायची. यात जातो तो पापणी लवायचा वेळ, पण ओठांच्या बाबतीत तेवढा पुरतो. आणि कानावरचा तो उशीर दुरुस्त करायला बाईने चांगली जुळलेली फिल्म मोडून ठेवली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. नाहीतर काखेत कळसा आणि गावाला वळसा, काय हवं ते म्हणा.

बाई हसायला लागली. पोट धरून हसली. “अहो काका, कानावर चोर बसवून मी सगळं घर शोधत होते!” हसता हसता ती कपाटाकडे वळली, चिकटपट्ट्यांचा जुना हेडफोन काढायला, आणि पाठमोरीच म्हणाली, “तुम्ही नसतात तर माझं काही खरं नव्हतं!”

“हो हो,” काका मागून म्हणाले.

बाई तिथेच थांबली. तिच्या लक्षात आलं की तिची पाठ होती, आणि त्यांना एक अक्षर कळलं नव्हतं. ती वळली, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाली. मग काका मनापासून हसले. ते गेल्यावर बाईने आवाज जिथून उचलला होता तिथे परत नेऊन ठेवला आणि फाइल नव्याने काढली.

रविवारी वाचनालयाचा हॉल भरला. काकांना काही कारण सांगून आणलं होतं. माणसं बघून ते गडबडले, लाजले, आणि नाही नाही म्हणत पहिल्या रांगेत बसले. टाळीबाईने त्यांना बरोबर टीव्हीच्या समोर बसवलं. टीव्ही रेडिओवाल्याने आणला होता, भला मोठा. सोबत उंच स्पीकर, दिवे लागणारा.

टाळीबाई स्पीकरभोवती एक चक्कर मारून आली. “याची वायर कुठाय?”

“ताई, वायरींचा जमाना गेला आता,” रेडिओवाला ऐटीत म्हणाला. “हा हवेतून वाजतो.”

“हवेतून वाजतो? मग तो हवेतच राहू दे!” बाई कडाडली. “वायर आणल्याशिवाय मी फिल्म लावणार नाही.” रेडिओवाल्याने पुष्कळ समजावलं, पण बाई ढिम्म. शेवटी स्वतःच तरातरा खोलीवर गेली, आपले ते दोन जुने स्पीकर आणि वायरींचं भेंडोळं काखोटीला मारून आली, आणि जोडून काकांच्या जवळ ठेवले. रेडिओवाला तोंड पाडून आपल्या स्पीकरचे दिवे बघत बसला. एकेक जण पडद्यावर येऊन बोलून गेला. काका हसत होते, मान डोलावत होते, मध्येच वळून त्या त्या माणसाकडे बोट दाखवत होते. त्यांना कळत होतं! टाळीबाई भिंतीला टेकून उभी होती. ती टीव्हीकडे बघतच नव्हती, काकांकडे बघत होती.

मग बबी आली. चिंध्यांच्या बाहुल्यांवर काका मोठ्याने हसले. मग बबीचा चेहरा बदलला, आणि काकांचाही. ते खुर्चीच्या टोकाशी आले. त्यांचे स्वतःचे ओठ हलायला लागले, बबीच्या ओठांबरोबर, शब्दाला शब्द. “…मला इथे फार एकटं वाटतं…” तिथे ते थांबले. बबीने कप ठेवला आणि कपाचा आवाज कपापाशीच आला. “एकदा तरी माझ्याशी पूर्ण वाक्यात बोला.” फिल्म संपली.

काकूंनी काकांची बाही धरली. काकांनी ती सोडवली आणि उठले. टाळीबाईचा जीव टांगणीला लागला. आता हे दाराकडे जाणार.

काका तिच्याकडे आले. “तिला फोन लाव,” ते म्हणाले. “चित्राचा.”

बाईने फोन लावला आणि त्यांच्यासमोर धरला. बबीने लगेच उचलला, वाटच बघत असणार. तिचे ओठ हलले, आवाज नेहमीसारखा मागून आला. काकांनी हात वर केला.

“बबे, थांब. तू बोलू नकोस, बोललीस तरी मला कळायचं नाही. मला ऐकू येत नाही.” सगळ्या हॉलला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ते बोलत होते. “मी ओठ बघून समजून घेतो. फोनवर ते जमत नाही. म्हणून हो हो म्हणतो. राग नाही गं, बाळ. राग कधीच नव्हता. तुला एकटं वाटतं म्हणालीस, ते मला आज कळलं.”

बबी तोंडावर हात धरून बसली होती. मग तिने बाजूचा कागद ओढला, काहीतरी लिहिलं आणि समोर धरलं. मोठाल्या अक्षरांत एकच शब्द होता, ‘कधीपासून?’

काकांनी तो वाचला. “तुझ्या लग्नाच्या आधीपासून,” ते म्हणाले. “तेव्हा सांगितलं असतं तर तू गेली नसतीस.”

काकूंनी हे कधी ऐकलं नव्हतं. शपथ का घातली होती ते त्यांनाही त्या दिवशीच समजलं. त्या खुर्चीत बसून पदराने डोळे टिपायला लागल्या. टाळीबाईचे डोळे भरून वाहायला लागले होते, पण दोन्ही हातांत फोन होता आणि तो तिने तसूभरही हलू दिला नाही.

तिकडे बबी रडत होती, हसत होती आणि भराभर लिहीत होती. तिने दुसरा कागद समोर धरला. काकांनी पुढे वाकून वाचला, पुन्हा वाचला, आणि सगळ्या हॉलकडे वळून ओरडले, “येते म्हणतेय! सुट्टी काढून येतेय!” मग काकूंकडे वळून त्याहून मोठ्याने, “अगं ऐकलंस का? बबी येतेय!”

“ओरडता कशाला?” काकू डोळे पुसत म्हणाल्या. “मला येतं ऐकू.”